देशावरचा क्लाउनफिश आणि त्याचे समुद्रपुष्प

सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांना समुद्रकिनारा नाही. तरी सरळ रेषेत मोजले तर अरबी समुद्र सातारा शहरापासून सुमारे ९० आणि सांगलीपासून सुमारे १३० किलोमीटरवर आहे आणि या भागावर बरसणारा पाऊसही त्याच समुद्रावरून येतो. तो पाऊस घेऊन महाबळेश्वरी उगम पावणारी कृष्णा मात्र या जवळच्या समुद्राकडे पाठ करून पूर्वेला वळते आणि सुमारे १४०० किलोमीटरचा प्रवास करून बंगालच्या उपसागराला मिळते. नद्या, तलाव आणि विहिरी यांच्या या प्रदेशात घरी मासे पाळण्याची हौस साहजिकच गोड्या पाण्यातल्या माशांची राहिली: गोल्डफिश, एंजल, मोली, गप्पी. समुद्रातला मासा घरात ठेवायचा तर समुद्राचे पाणीच घरात तयार करावे लागते, आणि कृत्रिम सागरी मीठ, आरओ यंत्रे व एलईडी दिवे सहज मिळू लागल्यामुळे ही गोष्ट किनाऱ्यापासून दूरच्या गावांतही शक्य झाली आहे. अशी टाकी मांडणाऱ्याची पहिली पसंती बहुधा क्लाउनफिशला असते. केशरी अंगावर काळ्या कडांचे तीन पांढरे पट्टे असलेल्या या माशाला २००३ साली आलेल्या ‘फाइंडिंग निमो’ या चित्रपटापासून दुकानांत ‘निमो’ हेच नाव पडले आहे. त्याच्याबरोबर त्याचे ‘घर’ म्हणून समुद्रपुष्पही विकत घ्यावे, असे ग्राहकाला वाटते, आणि खरी अडचण तेथूनच सुरू होते.

समुद्रपुष्प, म्हणजे दुकानाच्या भाषेत अ‍ॅनिमोन, हे नावाने फूल असले तरी प्रवाळ आणि जेलीफिश यांच्या कुळातला प्राणी आहे. त्याचे शरीर एका पोकळ नळीसारखे असते. खालच्या सपाट पायाने ते खडकाला चिकटते आणि वरच्या तबकडीच्या मध्यभागी असलेल्या तोंडाभोवती त्याच्या शुंडकांचा, म्हणजे बोटांसारख्या लवचीक अवयवांचा, झुपका असतो. शुंडकांवर हजारो दंशकोशिका असतात. प्रत्येक दंशकोशिकेत गुंडाळलेला विषारी धागा असतो आणि भक्ष्याचा स्पर्श व त्याच्या अंगावरील रसायने यांची चाहूल लागताच तो झटक्यात बाहेर फेकला जातो. लहान मासा या झुपक्यात सापडला तर लुळा पडतो आणि तोंडाकडे ओढला जातो. समुद्रपुष्पांच्या हजाराहून अधिक जातींपैकी केवळ दहा जाती क्लाउनफिशला आश्रय देतात, तर क्लाउनफिशच्या जाती सुमारे तीस आहेत. त्यांपैकी क्लार्की नावाची जात या दहाही समुद्रपुष्पांत राहू शकते, तर काही जाती एकाच यजमानाला बांधलेल्या असतात. हे सहजीवन पाश्चात्त्य विज्ञानाच्या नोंदीत आले ते १८६८ साली, जेव्हा कथबर्ट कॉलिंगवुड या इंग्रज निसर्गअभ्यासकाने दक्षिण चीन समुद्रातील प्रचंड समुद्रपुष्पांत राहणाऱ्या माशांचे वर्णन प्रसिद्ध केले.

इतर माशांना मारणारा दंश या माशाला का बाधत नाही, या प्रश्नावर दीडशे वर्षे विचार झाला आहे. माशाच्या अंगावरील बुळबुळीत श्लेष्मल आवरणात याचे उत्तर आहे, यावर बहुतेकांचे एकमत आहे. प्राण्यांच्या श्लेष्म्यात सामान्यतः सियालिक आम्ल नावाची शर्करावर्गीय संयुगे असतात आणि त्यांच्यामुळे दंशकोशिका उद्दीपित होतात, पण क्लाउनफिशच्या श्लेष्म्यात त्यांचे प्रमाण फार कमी असल्याचे अलीकडच्या अभ्यासांत आढळले आहे. शिवाय नव्या समुद्रपुष्पाकडे जाताना अनेक मासे आधी शेपटी, मग पोट, मग सर्व अंग असा थोडाथोडा स्पर्श करत सरावतात, आणि हा सराव काही मिनिटांपासून काही तासांपर्यंत चालतो. संरक्षण मिळवून मासा नुसता बसून राहत नाही. समुद्रपुष्पाच्या पेशींत झूझँथेली नावाचे एकपेशीय शैवाल राहते. ते सूर्यप्रकाशावर अन्न तयार करते आणि त्यातला मोठा वाटा यजमानाला देते. माशाच्या विष्ठेतून आणि कल्ल्यांतून बाहेर पडणारा अमोनिया म्हणजे या शैवालाला मिळणारे नत्रखतच होय. समुद्रपुष्पाचे लचके तोडणाऱ्या फुलपाखरू माशांना क्लाउनफिश हुसकावून लावतो, आणि रात्री शुंडकांत हालचाल करून तेथील पाणी खेळते ठेवतो, त्यामुळे यजमानाला प्राणवायू अधिक मिळतो. समुद्रात या दोघांचा व्यवहार असा बरोबरीचा असतो.

काचेच्या टाकीत मात्र हा समतोल बिघडतो, आणि ही बाब खरेदीपूर्वीच नीट समजून घ्यायला हवी. समुद्रात क्लाउनफिश समुद्रपुष्पाशिवाय राहत नाही, कारण तो संथ पोहणारा मासा आहे आणि आश्रय सुटला की मोठे मासे त्याला गिळतात. टाकीत त्याला गिळणारे कोणी नसते. त्यामुळे तेथे तो समुद्रपुष्पाविना वर्षानुवर्षे निरोगी जगतो, अंडी घालतो आणि पिलेही देतो. समुद्रपुष्पाला मात्र टाकीत सर्वच हवे असते: त्यातील शैवालासाठी तीव्र प्रकाश, अत्यंत स्वच्छ आणि स्थिर पाणी, सतत बदलणारा प्रवाह आणि आठवड्याला एकदोनदा कोळंबीचा बारीक तुकडा. समुद्रात अनेक दशके जगणारा हा प्राणी नवख्याच्या टाकीत बहुधा काही महिन्यांत आक्रसून मरतो. बाजारातली अनेक समुद्रपुष्पे पांढरीशुभ्र दिसतात आणि ग्राहकाला तीच सुंदर वाटतात. पण तो पांढरेपणा शैवाल गमावल्याचा, म्हणजे उपासमारीचा असतो, आणि गडद पिवळी किंवा गुलाबी दिसणारी काही तर चक्क रंगवलेली असतात. ज्या माशाला गरज नाही त्याच्या शोभेसाठी ज्या प्राण्याला जगवता येणार नाही तो विकत घेणे, असा हा व्यवहार होतो, आणि तो टाळण्याजोगा आहे.

टाकीतल्या पाण्याचा विचार सातारा-सांगलीत वेगळ्या रीतीने करावा लागतो. कुंभार्ली किंवा आंबा घाट उतरून चिपळूण-रत्नागिरीकडून समुद्राचे पाणी भरून आणावे, ही कल्पना सोपी वाटते. परंतु २०० लिटर पाण्याचे वजन २०० किलोहून अधिक भरते, किनाऱ्यालगतचे पाणी गढूळ असते आणि पावसाळ्यात नद्यांच्या लोंढ्याने त्याची क्षारताही उतरते. म्हणून शुद्ध पाण्यात कृत्रिम सागरी मीठ विरघळवणे हाच व्यवहार्य मार्ग ठरतो. स्वयंपाकाच्या मिठाने हे काम होत नाही, कारण समुद्राच्या पाण्यात सोडियम क्लोराइडबरोबर मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम, सल्फेट आणि बायकार्बोनेट ठरावीक प्रमाणात असतात. लिटरला सुमारे ३५ ग्रॅम मीठ, म्हणजे २०० लिटरच्या टाकीला सुमारे सात किलो. विशिष्ट गुरुत्व १.०२५ च्या आसपास. सामू, म्हणजे आम्ल-अल्कलीचे माप, ८.१ ते ८.४. मीठ कितीही चांगले असले तरी ज्या पाण्यात ते घालायचे त्याचा कस महत्त्वाचा असतो. दख्खनच्या काळ्या कातळातून झिरपलेले विहिरींचे आणि बोअरचे पाणी सामान्यतः जड असते, आणि वाळवा, मिरज, पलूस या उसाच्या पट्ट्यात, जेथे अति सिंचनाने जमिनी क्षारपड झाल्या आहेत, तेथे भूजलात क्षारांबरोबर खतांतून उतरलेला नायट्रेटही असू शकतो. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते. पिण्यासाठी चालणारे पाणी समुद्रपुष्पाला चालेलच असे नाही. म्हणून आरओ यंत्रातून आणि त्यानंतर उरलेले क्षार शोषणाऱ्या राळेच्या नळीतून पाणी गाळून त्यातील विरघळलेल्या घटकांचे प्रमाण शून्याजवळ आणणे, आणि मगच त्यात मीठ घालणे, हा शिरस्ता मोडू नये.

नवीन टाकीत लगेच मासे सोडणे ही सर्वांत वारंवार घडणारी चूक आहे. माशांच्या विष्ठेतून निघणारा अमोनिया विषारी असतो. काही जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, दुसरे जिवाणू त्या नायट्राइटचे तुलनेने निरुपद्रवी नायट्रेट करतात, आणि या दोन्ही वसाहती खडकांवर व गाळणीत वाढून स्थिर व्हायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर आल्यावर क्लाउनफिशची जोडी सोडता येते. समुद्रपुष्पाला हे पुरत नाही. त्याच्यासाठी टाकी किमान सहा महिने, शक्य तर वर्षभर जुनी आणि स्थिरावलेली असावी लागते, कारण क्षारता, कॅल्शियम आणि तापमान यांतले लहान चढउतारही त्याला सोसत नाहीत. शिवाय जागा न आवडल्यास समुद्रपुष्प पाय सोडून टाकीभर फिरते, आणि पंपाच्या तोंडाशी गेले तर त्याच्या चिंध्या होऊन काही तासांत सगळ्या टाकीचे पाणी नासते. पंपावर स्पंजाची किंवा जाळीची गवसणी घालणे म्हणूनच आवश्यक असते. माशांच्या रोगावरील तांब्याची औषधेही अशा टाकीत कधी वापरू नयेत, कारण तांब्याच्या अत्यल्प मात्रेनेही समुद्रपुष्प आणि प्रवाळ मरतात.

तापमान हा देशावरचा सर्वांत अवघड प्रश्न आहे. या टाकीला २५ ते २७ अंश सेल्सिअस मानवते. सांगलीच्या एप्रिल-मेमध्ये बाहेरचा पारा ४० अंशांच्या घरात जातो आणि पंप व दिव्यांची उष्णता त्यात भर घालते. पाणी ३० अंशांवर रेंगाळले की त्यात विरघळणारा प्राणवायू घटतो आणि समुद्रपुष्प आतले शैवाल बाहेर टाकू लागते. लक्षद्वीपच्या प्रवाळांनी १९९८, २०१० आणि २०१६ च्या उष्ण समुद्रात जे भोगले तेच येथे काचेच्या चार भिंतींत घडते. पाणी थंड करणारे चिलर यंत्र महाग असते, परंतु कोरड्या उन्हाळ्यात पाण्यावर सोडलेला साधा पंखाही बाष्पीभवनाने तापमान दोन-तीन अंशांनी उतरवतो. सांगलीच्या कोरड्या हवेत तो जितका उपयोगी पडतो तितका पावसाळी साताऱ्यात पडत नाही. या उपायाची किंमतही मोजावी लागते: पाण्याची वाफ होते, मीठ मागे राहते, आणि क्षारता रोज वाढत जाते, म्हणून उडालेल्या पाण्याच्या जागी खारे पाणी न घालता केवळ शुद्ध गोडे पाणी घालायचे असते. हिवाळ्यात साताऱ्याच्या थंड रात्रींना याच टाकीला हीटर लागतो. वीज गेली की पंप थांबतो आणि प्राणवायू उतरू लागतो, त्यामुळे इन्व्हर्टर किंवा निदान बॅटरीवर चालणारा हवापंप ही या छंदातली चैन नसून गरज आहे. २००५, २०१९ आणि २०२१ साली कृष्णेच्या महापुराने सांगलीच्या अनेक भागांत दिवसेंदिवस पाणी राहिले. अशा संकटात माणसे आणि जनावरे यांची काळजी आधी घ्यावी लागते, आणि पूररेषेत घर असणाऱ्याने तळमजल्यावर अशी टाकी मांडण्यापूर्वी हा विचार केलेला बरा.

समुद्रपुष्पाऐवजी प्रवाळ ठेवावे, असा सल्ला अनेकदा मिळतो, आणि टाकीतले क्लाउनफिश लांब शुंडकांच्या युफिलिया या प्रवाळात किंवा छत्रीच्या आकाराच्या सार्कोफायटन या मऊ प्रवाळात खरोखरच वस्ती करतात. निसर्गात ही मैत्री नसते. टाकीत यजमान न मिळाल्यामुळे मासा जवळ असेल ते स्वीकारतो, आणि त्याच्या सततच्या घुसण्याने काही प्रवाळ मिटून बसतात. त्याहून महत्त्वाचा प्रश्न कायद्याचा आहे. चुन्याचा सांगाडा बांधून प्रवाळभिंती उभारणारी सर्व कठीण प्रवाळे, तसेच काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ आणि सागरी पंखे हे २००१ पासून वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने त्यांना वाघासारखेच संरक्षण आहे. भारतीय समुद्रातून असे प्रवाळ, जिवंत असो वा मेलेले, काढणे किंवा विकणे हा गुन्हा आहे. महाराष्ट्रालाही प्रवाळ आहेत: १९८७ साली जाहीर झालेल्या मालवण सागरी अभयारण्यात, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरातील खडकांवर ते वाढतात, आणि विजयदुर्गपासून सुमारे १०० किलोमीटर पश्चिमेला, कान्होजी आंग्रे यांच्या घराण्याचे नाव मिरवणाऱ्या आंग्रिया बँक या बुडालेल्या पठारावरही त्यांची मोठी वस्ती आहे. दुकानात कठीण प्रवाळ किंवा ‘लाइव्ह रॉक’ म्हणून खडक दिसला तर तो कोठून आला हे विचारणे ग्राहकाच्या हिताचे आहे; भाजलेल्या मातीचे किंवा सिमेंटचे बनवलेले खडक जिवाणूंच्या वसाहतीसाठी पुरेसे ठरतात.

हाच प्रश्न माशाबद्दलही विचारायला हवा, आणि येथे उत्तर पुष्कळ दिलासा देणारे आहे. क्लाउनफिश हा बंदिस्त पाण्यात वाढवता येणाऱ्या मोजक्या सागरी शोभिवंत माशांपैकी एक असून अमेरिकेत १९७० च्या दशकातच त्याची व्यापारी पैदास सुरू झाली. भारतात केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने विळिंजम आणि मंडपम येथील केंद्रांत या शतकाच्या आरंभीच्या वर्षांत अनेक जातींची बीजनिर्मिती साधली. महाराष्ट्रात २०१२ साली वन विभागाचा कांदळवन कक्ष स्थापन झाला. पुढे त्याच्याशी संलग्न कांदळवन प्रतिष्ठानाने राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्युरोच्या तांत्रिक साहाय्याने ऐरोली येथील किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात सागरी शोभिवंत माशांचे बीजकेंद्र उभारले. तेथे जन्मलेली क्लाउनफिशची पिले किनाऱ्यावरील गावकऱ्यांच्या गटांनी वाढवून विकावीत, हा त्यामागचा विचार आहे, आणि तो २०१७ पासून राबवल्या जाणाऱ्या कांदळवन संरक्षण व उपजीविका निर्माण योजनेशी सुसंगत आहे. बीजकेंद्रातला मासा लहानपणापासून टाकीच्या पाण्याला आणि कोरड्या खाद्याला सरावलेला असतो. जाळ्याने, आणि आग्नेय आशियात काही ठिकाणी सायनाइड फवारून, पकडलेला मासा मात्र उपाशी, जखमी किंवा परजीवींनी ग्रासलेला येतो आणि ऑक्सिजन भरलेल्या पिशवीतल्या लांब प्रवासानंतर अनेकदा आठवड्याभरातच दगावतो. सांगलीकरांना या क्षेत्रातले शिक्षण आणि संशोधन जवळून पाहायचे तर रत्नागिरी हेच सोयीचे ठिकाण आहे, कारण दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचे शिरगाव येथील मत्स्य महाविद्यालय १९८१ पासून तेथे आहे.

सातारा जिल्ह्याचा या संशोधनाशी एक फारसा न आठवला जाणारा धागा आहे. ई. जी. सायलस या मत्स्यशास्त्रज्ञाने १९५३ साली पश्चिम घाटातील काही नव्या माशांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांपैकी एक लहानसा, अंगावर ठिपके असणारा मासा महाबळेश्वरकडून साताऱ्याकडे वाहणाऱ्या वेण्णा नदीतला होता आणि त्याला त्यांनी सह्याद्रीचेच नाव दिले. हेच सायलस पुढे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेचे संचालक झाले. ज्यांना खाऱ्या पाण्याचा खटाटोप परवडत नाही त्यांनी आपल्या नद्यांतले हे मासे ओळखावेत, वेण्णा आणि कोयनेच्या काठी जाऊन पाहावेत. घाटातल्या ओढ्यांत असे कितीतरी मासे आहेत जे जगात दुसरीकडे कोठेही सापडत नाहीत, आणि त्यांना त्यांच्या पाण्यातच राहू द्यावे.

टाकी सुस्थितीत असली तर क्लाउनफिशच्या घरातली व्यवस्था पाहण्यासारखी असते. सर्व पिले लिंग निश्चित नसलेली जन्मतात. एकत्र ठेवलेल्या दोन पिलांपैकी जे वरचढ ठरते आणि मोठे होते ते मादी बनते, दुसरे नर, आणि समुद्रात याच गटात राहणारी लहान पिले प्रजननाविना आपली पाळी येण्याची वाट पाहतात. मादी मेली तर नर काही आठवड्यांत मादी होतो आणि रांगेतले सर्वांत मोठे पिलू नर बनते. हान्स आणि सिमोन फ्रिके यांनी १९७७ साली या लिंगबदलाचे विवेचन प्रसिद्ध केले. याचा व्यवहारातला अर्थ असा की, दुकानातून आकाराने किंचित लहानमोठी दोन लहान पिले एकत्र आणली की जोडी आपोआप जमते, तर दोन प्रौढ माद्या एकत्र आणल्या तर एक दुसरीला मारते.

जोडी वर्ष-दीड वर्षाची झाली की पालथी ठेवलेली मातीची कुंडी किंवा टाकीतला सपाट दगड नर तोंडाने घासून स्वच्छ करतो, मादी त्यावर काही शेकडा केशरी अंडी चिकटवते आणि नर सात-आठ दिवस कल्ल्यापाशीच्या पंखांनी वारा घालत ती सांभाळतो. अंडी दिवे मालवल्यानंतर, अंधारात फुटतात. पिले टाकीत तशीच राहिली तर गाळणीत जातात. त्यांना वेगळ्या भांड्यात घेऊन हिरव्या सूक्ष्म शैवालावर वाढवलेले रोटिफर, म्हणजे डोळ्यांना जेमतेम दिसणारे जलजीव, आणि नंतर आर्टेमिया या खाऱ्या पाण्यातल्या बारीक कवचधारी जीवाची पिले खाऊ घालावी लागतात. साधारण दहा ते पंधरा दिवसांत अंगावर पहिला पांढरा पट्टा उमटतो आणि पिलू तळाकडे वळते. हे काम चिकाटीचे आहे, तरी ते घरगुती साधनांनी होऊ शकते, आणि अशा पिलांनी गावातल्या दुसऱ्या छंदिष्टांची गरज भागली तर त्यांना समुद्रातून पकडलेला मासा आणावा लागत नाही. समुद्रपुष्प ठेवण्याची तयारी या टप्प्यापर्यंत आलेल्या पालकाची असते, आणि त्यानेही बबलटिप ही टोके फुगीर असणारी जात निवडावी. ती टाकीत स्वतःच दोन भागांत विभागून वाढते, त्यामुळे एका छंदिष्टाकडून दुसऱ्याकडे जाते आणि समुद्रातून काढावी लागत नाही. गालिच्यासारखी पसरणारी जात मात्र एक मीटरहून अधिक रुंद होऊ शकते आणि घरातल्या कोणत्याही टाकीत मावत नाही. माशाच्या आयुष्याचाही हिशेब आधी करावा: क्लाउनफिश टाकीत पंधरा-वीस वर्षे जगल्याची उदाहरणे आहेत आणि समुद्रातील पर्क्युला जातीच्या माद्यांचे आयुष्य तीस वर्षांपर्यंत जाऊ शकते, असे संशोधकांचे अनुमान आहे, म्हणजे आज शाळेत जाणाऱ्या मुलाच्या हट्टाखातर आणलेला मासा ते मूल शिक्षणासाठी पुण्याला गेल्यानंतरही अनेक वर्षे घरच्यांना सांभाळावा लागेल, आणि रोज उडालेल्या पाण्याची भर घालणे, पंधरवड्याला दहावा हिस्सा पाणी बदलणे आणि उन्हाळ्यात पंख्याकडे लक्ष ठेवणे ही कामे कोणाची, हे मासा आणण्यापूर्वीच घरात ठरवावे.